पाहुणी की सून?

राजूरच्या स्टँडवर ज्ञानेश्वरी भलत्याच एसटीत चढत होती आणि मच्छिंद्र धिंदळेनं हाका मारमारून तिला उतरवलं, एवढीच काय ती ओळख. पण बोलता बोलता त्याच्या तोंडून डोंगरातल्या पडक्या नगरीचा विषय निघाला आणि झालं! महिनाभराच्या प्रशिक्षणाला आलेली शेवगावची ही ड्रॉइंगची बाई दर रविवारी त्याच्या मागं जंगल तुडवू लागली. तीनदा धुक्यानं माघारी धाडलं. आज चौथा रविवार, शेवटचा. उद्या ती शेवगावला निघणार होती.

"नगरीत किती घरं? राजा होता का? मग लोक गेले कुठं?"

"जरा दम खा की, मॅडम," तो हसत म्हणाला. निसरड्या कातळावर त्यानं हात दिला… आणि वर आल्यावरही दोघांना तो सोडायचं सुचलं नाही.

कारवीच्या झुडपांतून बाहेर पडताच ज्ञानेश्वरी थबकली. समोर शेवाळलेली दगडी वेस, आणि पलीकडे झाडांच्या मुळांत गुरफटलेली पडक्या घरांची जोतीच जोती! केवढं गाव वसलं होतं इथं!

ती धावली, तसा मच्छिंद्र आडवा आला. "आमच्या वाडवडलांचं गाव हाय हे. येशीत हुभं राहून सांगावं लागतं— पाहुनी का सून? पाहुनी तळ्यापातुर. घरांकडं फकस्त सून."

"सून!" ती पटकन बोलून गेली.

"कुनाची?"

"धिंदळ्यांची…" तिचे कान तापले.

मच्छिंद्रचं हसू मावळलं. "घरं बघायची म्हनून म्हनताय. हितं खोटं बोलत न्हाईत, मॅडम."

ज्ञानेश्वरीला रडूच यायचं बाकी राहिलं. जिच्यासाठी इतकी पायपीट केली ती नगरी आता चार पावलांवर होती. 'बरं बाबा, पाहुणी' म्हटलं असतं तर निदान तळं तरी दिसलं असतं. पण तो शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. तिनं चित्रांची वही पिशवीत कोंबली.

"चला खाली."

"अवो, तळं तरी बघा! लई लांबून आलाय."

"नको." ती पाठ फिरवून चालू लागली. "पाहुणी म्हटलं, तर ते खोटं होईल."

मच्छिंद्र जागीच खिळला. मग वेशीकडं तोंड करून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, "धिंदळ्यांची सून आलीय… वाट द्या!"

आणि तिच्याकडं वळून हळूच म्हणाला, "आता तरी चल की."