काढला समज

टेस्टरकाका त्या दुकानाच्या तपासणीला गेले ते भर दुपारी, पुढ्यातलं ताट अर्धं टाकून. दुकानवाल्या बाईचे सकाळपासून फोनवर फोन. एवढा फोन माणूस आग लागल्यावरसुद्धा करत नाही. तिला शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना काढायचा होता, पुढे दुकान आणि मागे मशीनची खोली. मशीनी येऊन पडल्या होत्या, शिवणाऱ्या बायका ठरल्या होत्या, आणि मागच्या खोलीच्या वायरिंगचा दाखला तेवढा राहिला होता. दाखला नाही तर परवाना नाही. उद्या काम सुरू झालं नाही तर शाळा दुसरा शिंपी बघणार होती. नवरा गेल्यापासून सगळा भार तिच्या एकटीवर. आता असं कानावर घातल्यावर माणसानं जेवायचं कसं? काका चडफडत उठले.

छातीच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, म्हणून टेस्टरकाका. आयुष्य लोकांच्या वायरी तपासण्यात गेलेलं. कुणाच्या घरात शिरले की आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसाकडे, आणि दोघांवर सारखेच वैतागायचे. वैतागणार नाहीत तर काय करतील? फ्यूजच्या जागी खिळा ठोकणारे लोक बघितले त्यांनी. न्हाणीघरात लोंबतं बटण बघितलं. एका शहाण्यानं अर्थिंगची तार तुळशीच्या कुंडीत खोचली होती आणि वर म्हणाला होता, 'काका, मातीतच जायला हवी ना? मग ही माती नाही तर काय आहे?' बाकी सगळ्यांचं म्हणणं एकच, इतकी वर्षं काही झालं नाही. काका म्हणायचे, होतं तेव्हा एकदाच होतं, मग बोलायला मागे राहत नाही कुणी.

त्यांच्या उस्तादानं कान पिळून दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, काम करायचं तर मेन स्विच पाडायचा, फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. फ्यूज खिशात असला की कुणा दीडशहाण्यानं स्विच वर केला तरी वीज येत नाही. दुसरी, फ्यूज परत लावायच्या आधी बोर्डाजवळ उभं राहून मोठ्यानं विचारायचं, 'हात काढला का?' आतून 'काढला' असं आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. आणि उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं. दुसऱ्याचा हात दुसऱ्याला दिसत नसतो.

उस्ताद म्हातारा होऊन अंथरुणात मेला. या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे.

दुकानात बाई होती, तिचा भाऊ होता आणि बोर्डाखाली खुर्ची टाकून बसलेला तिचा सासरा होता. भाऊ म्हणजे तोंडाचा पट्टा. काका आले रे आले की म्हणाला, 'या काका, सगळं टकाटक आहे, नुसती सही ठोका आणि मोकळे व्हा.' काकांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चहा सांगायला म्हणून बाहेरच पडला. सासरा काठीवर मान टाकून बसला होता. काकांनी मेन पाडला, फ्यूज उपटून खिशात टाकला, तेव्हा मात्र म्हाताऱ्यानं मान वर केली.

'मागं जाणार?'

'तपासायला आलोय, तर जाणारच.'

'लावताना विचारून लावा,' म्हातारा म्हणाला आणि परत काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला.

मला शिकवतोय, काका मनात म्हणाले.

दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये एक लांब बोळ होता. खिडकी नाही, झरोका नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि इथे चार पावलांत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. काकांनी बॅटरी लावली. नव्या रंगाचा वास नाकात भरला, आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता. जळक्या वायरीचा. ताजा नव्हे, फार जुना, भिंतीत मुरलेला. बोळातून जाताना रस्त्यावरचा आवाज मागे मागे राहिला आणि खोलीत पोचेपर्यंत पार विझला. स्वतःच्या चपलेचा आवाजसुद्धा काकांना दुसऱ्या कुणाचा वाटला.

खोलीत मशीनी कापडाखाली झाकून ठेवल्या होत्या, रांगेनं, खाली मान घातलेल्या बायकांसारख्या. काकांनी एकेक जोड उघडून बघितला. मेगर नावाचं मीटर लावून वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं. काम चोख होतं. खोट काढायला जागा नाही म्हणून काका आणखी वैतागले. फक्त समोरच्या भिंतीत वर एक जुना चिनी मातीचा बोर्ड तसाच राहिला होता, एका बाजूनं काळा पडलेला. खाली एक लाकडी स्टूल. काकांनी स्टुलावर चढून बघितलं. मागच्या तारा कधीच्या तोडलेल्या, टोकं मोकळी. निर्जीव. त्याचा कशाशीच संबंध नव्हता.

परत पुढे येऊन त्यांनी खिशातून फ्यूज काढला आणि सवयीनं बोळाकडे तोंड करून विचारलं, 'हात काढला का?'

'थांबा... अजून नाही.'

आवाज आतून आला. थकलेला, अदबीचा. काम अडलेल्या माणसाचा असतो तसा.

काका थांबले. म्हणजे तो टोणगा भाऊ मागून शिरला आणि कशाला तरी हात घालून बसला. थांबता थांबता त्यांच्या डोक्यातली शीर उडायला लागली. तेवढ्यात भाऊ रस्त्यावरून आत आला, दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

'तू आत होतास ना?'

'मी? मी तर चहाला गेलो होतो. काका, ऊन लागलं का तुम्हाला?'

काकांनी चहाला हात लावला नाही. मागच्या दाराची चौकशी केली. त्याला आतून कडी होती आणि कडीला कुलूप, किल्ली बाईच्या कमरेला. मग त्यांनी भावाला समोर उभं केलं, बाईला समोर उभं केलं, सासरा खुर्चीत होताच. म्हणाले, आता कुणी जागचं हलायचं नाही. आणि पुन्हा विचारलं.

बोळात कुणीतरी लांब श्वास घेतल्यासारखं झालं.

'थांबा... अजून नाही.'

भावाचा चहा त्याच्याच बोटांवर सांडला. बाई खाली फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली की शेजारी नळाचं काम चालू आहे, भिंती पातळ आहेत, तिकडचंच बोलणं ऐकू येतं. फार भरभर म्हणाली. काकांना ते पटलं नाही, पण पटवून घ्यायची घाई झाली होती. तरी ते बॅटरी घेऊन परत आत गेले. नियम म्हणजे नियम. खोलीत कुणी नव्हतं. कापडं उचलून मशीनींच्या खालीसुद्धा बघितलं त्यांनी. कुलूप जागेवर होतं. फक्त त्या जुन्या बोर्डाखालच्या स्टुलावर चुन्याची पूड पडली होती. वर कुणी स्क्रू फिरवत असलं की पडते तशी, बारीक, पांढरी. मघाशी ते स्टुलावर चढले तेव्हा ती होती की नव्हती, ते त्यांना आठवेना. झाडून घ्यायची अक्कल नाही लोकांना, असं पुटपुटत ते माघारी फिरले. पावलं मात्र जातानाच्यापेक्षा भरभर पडली.

पुढे आले तर बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती की झालंच, बस झालंच, उद्या बायकांना पाठवा. तिचा आवाज रडायच्या बेताला आला होता. काकांच्या पोटात भूक, पायात गोळे. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असं खेळवलं नव्हतं.

'हात काढला का?' ते ओरडलेच.

'थांबा...' आवाज आता जवळ होता, बोळाच्या अर्ध्यावर असावा तसा. 'हात... निघत नाही.'

'मग बस तसाच,' काका म्हणाले. 'काढला समज.'

आणि त्यांनी फ्यूज दाबून मेन वर केला.

काही झालं नाही. ठिणगी नाही, धूर नाही. बोळातला दिवा लागला, मागच्या खोलीतले दिवे लागले, आणि बोळ म्हणजे नुसता पिवळ्या रंगाचा बोळ होता, रिकामा. बाईनं पळत जाऊन एक मशीन चालू केली. तिचा खडखडाट इतका बरा वाटला सगळ्यांना, की भाऊ हसायला लागला. काकांनी दाखल्यावर सही केली. बाईनं तो घडी करून ब्लाउजात ठेवला, पुन्हा कुणी मागेल या धाकानं.

काका पिशवी उचलत होते तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, 'काढला म्हणून कोण म्हणालं?'

'मीच म्हणालो.'

म्हाताऱ्यानं खूप वेळ काकांच्या हातांकडे बघितलं. मग जे सांगितलं ते एवढंच. आमच्या आधी इथे दुसऱ्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत एक वायरमन त्या वरच्या बोर्डाचं काम करत होता. दुकानदार चांगला माणूस, त्यानं विचारल्याशिवाय फ्यूज लावला नाही. पण दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला घाई होती. आतून काही उत्तर यायच्या आधी तेच म्हणालं...

'काढला,' काका म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

दाखला परत मागावा असं काकांच्या मनात आलं. पण मागून लिहायचं काय? काम चोख होतं. बाईनं विचारलं, 'काका, सगळं बरोबर आहे ना?' आणि ते म्हणाले, 'बरोबर आहे.' खोटं बोलले नाहीत. घरी जाऊन मात्र त्यांना ते अर्धं ताट गेलं नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. बाईचा कारखाना छान चालू होता, कुणाला कसला त्रास नाही. काकांनी मुद्दाम दोनदा वळसा घालून बघितलं, आतून मशीनींचा आवाज येत होता, बायका खिदळत होत्या. मनावरचं ओझं उतरलं. आपल्याला खरंच ऊन लागलं असेल, असं ते स्वतःला सांगू लागले.

एका सुट्टीच्या सकाळी काकू लेकीकडे गेल्या होत्या. जाताना नेहमीचं बोलून गेल्या. आतल्या खोलीतला होल्डर वर्षभर लोंबतोय, गावभर दुसऱ्यांच्या चुका काढता, घरात अंधार. काका म्हणाले, करतो. आणि खरंच करायला घेतलं. घरात एकटेच होते, तरी दोन्ही नियम पाळले. बाहेरच्या खोलीतला मेन पाडला. फ्यूज उपटला, खिशात टाकला. स्वयंपाकघरातला फ्रीज घरघरत बंद पडला. घर एकदम शांत झालं.

स्टुलावर चढून त्यांनी होल्डर उघडला, तारांची टोकं सोलली आणि उघडी तांबडी टोकं चिमटीत धरली. खिडकीतून चांगला उजेड येत होता. काका तोंडातल्या तोंडात गुणगुणत होते.

'हात काढला का?'

बाहेरच्या खोलीतून, बोर्डाजवळून. तोच आवाज. पण आता थकलेला नव्हता. दिवसभराचं काम उरकून, हात धुऊन मोकळ्या झालेल्या माणसाचा होता.

काकांनी दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. फ्यूज होता. कडक, थंड, खिशातच होता. भ्यायचं कारण नव्हतं. हात खाली घ्यायचा एवढंच. पण चिमटीतली बोटं उघडेनात. मुंग्या नाहीत, कळ नाही, नुसती उघडेनात, कुणीतरी वरून आपली बोटं घट्ट मिटून धरावीत तशी. आणि तोच, तोच जुना जळका वास छतातून खाली उतरला.

'थांबा...' काका म्हणाले. आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू आलं. 'थांबा... अजून नाही.'

मग उत्तर आलं. ते मात्र त्या आवाजात नव्हतं. ते काकांच्या स्वतःच्या आवाजात होतं, वैतागलेल्या, उपाशी, घाईतल्या.

'काढला समज.'

काकांनी सगळा जीव एकवटून स्टूल लाथाडलं. अंगाच्या भारानं हात सुटला आणि ते पाठीवर पडले. त्याच क्षणी वर होल्डरात निळी ठिणगी तडतडली आणि विझली.

किती वेळ पडून होते कुणास ठाऊक. मग भिंतीला धरून धरून बाहेरच्या खोलीत आले. तिथे कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. मेन स्विच त्यांनी पाडला होता तसाच खाली होता. फ्यूजची जागा रिकामी होती. फ्यूज त्यांच्या खिशात होता, तो त्यांनी बाहेर काढून तळहातावर धरला आणि बघत उभे राहिले.

स्वयंपाकघरात फ्रीज चालू होता.