वायरमन आला

नदीचं पाणी वस्तीत शिरल्यापासून ताई शाळेच्या वाचनालयात बसून फोनवरचा मदतगट चालवत होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली ती. गटावर आलेली प्रत्येक हाक वहीत उतरवी, जवळच्या नावेला कळवी आणि अडकलेला माणूस डोळ्यांनी पाहिल्यावरच गटावर ‘आला’ असं लिही. तो शब्द दिसला, की त्याला शोधणारी नाव दुसरीकडे वळे.

तिचा धाकटा भाऊ वायरमन. वीज बंद करायला सकाळी पंपघराकडे गेला, तो परतलाच नव्हता. दुपार कलली आणि तो दारात उभा राहिला.

“काय गं, माझ्यावाचून कारभार चाललाय का?”

“गाढवा, जीव टांगणीला लावलास!” ताईने त्याला दोन धपाटे घातले, मग डोळे पुसत बाकावर बसवलं, हातात चहा दिला. फोन पाण्यात गेला, तो म्हणाला. त्याचे केस निथळत होते. बाकाखालची फरशी मात्र कोरडी होती. दोन दिवस झोप नाही आपल्याला, ताईने मनाशी म्हटलं, आणि गटावर लिहिलं, ‘वायरमन आला.’

खाली आनंदाच्या ओळींची रांग लागली. त्यांतली एक भावाच्या खात्यावरून होती.

‘कोण आला, ताई? मी पंपघराच्या जिन्यावर आहे. पाणी छातीला लागलंय. नाव माघारी का वळली?’

ताईने मान वर केली. भाऊ चहावर फुंकर घालत होता.

फोन कुणाला तरी सापडला असेल. कुणी थट्टा करत असेल. तिने विचारलं, ‘लहानपणी मी तुला काय म्हणून चिडवायचे?’

‘बेडूकराव. आणि बेडकाला पोहता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? लवकर पाठव गं.’

तिने नावाड्याला फोन लावला. “पंपघरावर परत जा. जिना बघ.”

“अहो, तुम्हीच लिहिलंत ना, आला म्हणून?”

“चुकलं माझं, दादा. जा.”

पंधरा मिनिटं तिने बाकाकडे पाहिलं नाही.

फोन वाजला. “सापडला, ताई! गारठलाय, पण शिव्या देतोय. तुमचाच भाऊ. आणतो.”

ताईने फोन खाली ठेवला.

ती काही बोलायच्या आतच भाऊ तिच्याकडे पाहून मायेने हसला आणि बाकावर एका माणसापुरता सरकून बसला.