शेपटीचं ओझं

ये, बस इथं. पायाची वाळू झटक, कॉफी घे. एक गोष्ट सांगतो, पण मधे हसायचं नाही.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, खाजणाला लागून वॉल्टचं गवताळ मैदान. त्याची छोटी विमानं उन्हाळाभर जाहिरातीचे लांबलचक पट्टे ओढत समुद्रावरून फिरायची. खेकड्याचं हॉटेल, उन्हाचं मलम, कुणाचं तरी ‘माझ्याशी लग्न करशील?’ पट्टा गवतात पसरायचा, त्याच्या दोराचा फास दोन खांबांवर चढवायचा. विमान खाली झेपावून शेपटीच्या आकड्यानं तो उचलायचं. उतरायच्या आधी वैमानिकानं हँडल ओढलं की आकडा सुटायचा, पट्टा खाली.

अक्षरं जोडून पट्टे मांडायची डोरीन. विमान चालवायचा तिचा धाकटा भाऊ लेन.

एका जुलैत दोन पट्टे आपसूक सुटून समुद्रात गेले, तसा वॉल्ट पिसाळला. त्यानं आकडा तारेनं आवळला. डोरीन समोरच उभी होती, नको म्हणाली.

“हँडल जोरात ओढलं की तुटते तार,” वॉल्ट म्हणाला. “ तू तुझी अक्षरं जोड, पोरी.”

त्याच दुपारी समुद्रावर लेनचं इंजिन गचकलं. पट्टा शेपटीला तसाच. त्याच्या ओढीनं विमान नाक वर करून थबकलं आणि दगडासारखं पडलं. लेन गेला. बोट घेऊन सगळ्यात आधी पोचला तो वॉल्ट. चौकशीवाले आले तेव्हा आकड्यावर तार नव्हती. पोरगं घाबरलं, हँडलच ओढलं नाही, असं वॉल्ट बारमध्ये सांगत सुटला, चर्चमध्ये सांगितलं, लेन-डोरीनच्या आईलाही सांगितलं. डोरीनचं कोण ऐकतो? तरी तिनं काम सोडलं नाही. वॉल्टच्या तोंडून खरं ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळी यावं तर खांबांवर फास चढवलेला. डोरीननं न चढवलेला. ओलाचिंब, शेवाळाचा वास मारणारा. ती गुपचूप काढायची, उन्हात वाळवायची, जपून गुंडाळून ठेवायची. वैमानिक कुरकुरायला लागले, पट्टा टाकला तरी शेपूट जड लागते म्हणून. एकेक करून निघून गेले.

भित्रे लेकाचे सगळे, असं म्हणत शेवटी वॉल्ट स्वतःच चढला.

फेरी झाली. परत आला, मैदानावर पट्टा टाकला, आणि वायरलेसवर म्हणाला, “डोरीन, सुटला का गं?”

“सुटला. इथं शेडसमोरच पडलाय.”

विमानामागं नुसतं आभाळ होतं. पण नाक वर होत चाललं होतं, वेग मरत होता. काहीतरी त्याला समुद्राकडं ओढत होतं.

“मग जड कशानं? मी हँडल ओढतोय. सुटत नाहीये.”

“लेननंही ओढलं होतं, वॉल्ट.”



“ओढलं होतं,” तो म्हणाला. “तार मी बांधली, मीच काढली. आता सांग त्याला. सोड म्हणावं.”

शेडमधल्या सगळ्यांनी ऐकलं. सगळे डोरीनकडं बघायला लागले.

माइक तिच्या हातातच होता.

तिनं बटण दाबलं नाही.

लेन पडला होता तिथंच विमान सापडलं. आकड्याला तार होती. नवी कोरी, वेढ्यांत शेवाळ गुंफलेलं. कापायला दोन माणसं लागली.

तू उद्या त्या मैदानावरच चाललायस ना? तिथं अजून कधीकधी शेपूट जड लागते. मग एवढं कर. तिथं कुणी म्हणालं, लेननं हँडल ओढलंच नव्हतं, तर त्याला गप्प कर. तो विमानात बसायच्या आत.