नावघाटावरची ओटी

नावघाट कॉलनी म्हणजे जुना होड्यांचा धक्का. गोदावरीवर पूल झाला, होड्या गेल्या, पुढं नाशिककरांना काठावर राहायची हौस आली, तेव्हा तिथं टुमदार बंगले उठले. पूर आला की सगळा गाव पाण्याकडे डोळे लावून बसतो, नावघाट मात्र खुशाल झोपतो. माणसंही मोठी मायाळू. अनसूया आणि तिचा नवरा उपेंद्र राहायला आले, तर आठवडाभर शेजारून डबे!

रीत एकच. वास्तुशांत झाली की बाईनं धक्क्यावर नदीची ओटी भरायची आणि घरधन्यानं पाण्याकडे वाकून घरातलं एक नाव घ्यायचं.

"ज्याचं नाव घेतलं ते माणूस गंगेचं," शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या. "घराला मग पाणी शिवत नाय."

जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या अनसूयाला हसूच आलं. तरी तिनं उपेंद्रला बजावलं, उगाच विषाची परीक्षा नको, तुमच्या गेलेल्या आईंचं नाव घ्या. त्यानं मान डोलावली. ओटी भरताना त्याचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

मग तिची उशी ओली राहू लागली. कडक उन्हात वाळवली तरी ओलीच. केस विंचरले की फणीत बारीक वाळू. कोरड्या फरशीवर तिच्याच पावलांचे ओले ठसे. शेजारणी फाटकाशी उभ्या असायच्या, पण तिच्याकडे बघेनाशा झाल्या. हाक मारली तर कुणी ओ देईना.

एका दुपारी तिनं उपेंद्रला धरलंच. कुणाचं नाव घेतलंत?

तो पेपरातून वर बघेना. "मेलेल्याचं चालत नाही म्हणाले शेजारी."

"मग?"

"मग काय, माझं घ्यायचं होतं?"

ज्याच्या आजारपणात तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता, त्या माणसानं तिला नारळासारखं पाण्यात सोडलं होतं.

संध्याकाळी नवसाबाई आल्या. अनसूया चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

नवसाबाई तिच्या आरपार भिंतीकडे बघत होत्या.

"एकट्याला करमतं का, भाऊ?"

उपेंद्रनं अनसूयाकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून.

"होईल हळूहळू सवय," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला ट्रे अलगद काढून घेतला.