तुतीच्या रसाचा तिसरा नमुना

प्रयोगशाळेच्या दारातच दोघांची टक्कर झाली आणि बाटलीतला निम्मा रस तिच्या पांढऱ्या कोटावर सांडला.

"सॉरी… तुतीचा आहे. डाग जाणार नाही," तो ओशाळून म्हणाला.

"तुतीचा? तो तर जांभळा-लाल असतो. हा निळा दिसतोय!" ती डाग उजेडात धरून बघू लागली. कोट गेला तर गेला, रंग महत्त्वाचा. बाई अशीच होती.

फळांच्या रसात वरून रंग घातलाय का, हे शोधणं तिचं काम. सहकारी तिला 'लिटमस' म्हणत, कारण मनात काही आलं की गाल लगेच चहाडी करायचे. तो आईबरोबर छोटा कारखाना चालवणारा रसवाला. लिटमसचा शिक्का मिळाल्याशिवाय त्याची बाटली दुकानात जाणार नव्हती.

निळेपणाचं कारण दुपारपर्यंत सापडलं. आईने बाटल्या सोड्याने घासल्या होत्या, पण विसळायला विसरली होती. सोडा लागला की तुतीचा रंग निळा पडतो, लिंबू पिळलं की परत लाल. वरून घातलेला रंग मात्र ढिम्म हलत नाही.

"मग आईला काय सांगू?"

"नीट विसळा म्हणावं."

दुसऱ्या नमुन्याचं झाकणच सैल निघालं, म्हणून तोही परत गेला. तो येई तेव्हा तासभर स्टुलावर बसून गाळणकागदावर रंग वर चढताना बघे आणि शंभर प्रश्न विचारे. टोमॅटो पिकला की त्याचा हिरवा जातो कुठे? तिला ते आवडू लागलं होतं… जरा जास्तच.

म्हणून तिसरा नमुना आला तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. हा पास झाला की त्याला इथे यायला कारण उरणार नव्हतं. नापास करावा असं मन म्हणत होतं, पण हात खोटं लिहायला तयार नव्हता.

रस पुन्हा निळा! तिने लिंबाचे चार थेंब टाकले. लालभडक झाला.

"परत सोडा? आई विसरल्या?"

"आई नाही…" तो चुळबुळला. "मीच चिमूटभर घातला. आज शिक्का मिळाला असता, तर उद्या कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

"अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा!"

"आईही तेच म्हणाली. ती बाहेर बसलीये… चांगली बाटली घेऊन."

लिटमसचे गाल रसाच्या वरताण झाले. तिने ती बाटली मागवली, नियमाप्रमाणे सगळं तपासलं, शिक्का मारला आणि शेरा लिहिला: 'रंग अस्सल. पुन्हा नमुना आणू नये.'

त्याचा चेहरा पडला. तेव्हा तिने गाळणकागदाचा तुकडा पुढे ओढला, त्यावर घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि त्याच्याकडे सरकवला.

'उद्या सहाला ये. बाटली नको.'

त्याने दोनदा वाचलं. "आता… आईला काय सांगू?"

"खरं ते सांग," ती म्हणाली. "मला तू आवडतोस."