पिवळं ग्रीस

बस रं रविराज, हितं बस. करिष्मा, तुला आत जा म्हणलं तर तू जाणार न्हाईस, ठाव हाय मला. मग आईक. करंट यायला अजून तासभर लागतोय. पर मधीच मोबाईलचा उजेड पाडायचा न्हाय.

ही आईकीव गोष्ट न्हवं. साईराजचं गॅरेज बेळगावातल्या माझ्या लेथच्या गाळ्याला लागून. मधी नुसता पत्रा. सोळा वर्षं रोज संगं चहा पिलाय आमी.

तारीख सांगतो. दोन हजार बावीस, डिसेंबरची चौदा, बुधवार. अमावास्या न्हाय, पुनव न्हाय. साईराज निपाणीला एक जुना गिअरबॉक्स आणायला गेलता, सोताच्या गाडीनं. काम साधं. तिथंच जेवला, गिअरबॉक्स डिकीत टाकला आणि पावणेअकराला निपाणी सोडली. गाडीत दुसरं कोण न्हवतं.

आता त्याच्या आधीचं थोडं सांगायला पायजे, न्हायतर पुढचं कळणार न्हाय.

त्याच सालच्या श्रावणात भरमा गॅरेजात आलता. निपाणीकडचा डायवर, जुनी गाडी भाड्यानं चालवायचा. गाडी वळवली की पुढच्या चाकाकडनं टक-टक-टक आवाज. एक्सलचा जॉइंट बोलतोय, हे कुणीबी सांगंल. इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा, आणि चाक वळलं तरी देत ऱ्हायचा, ही त्या जॉइंटची नोकरी. आत सहा गोळ्या, वरनं रबरी बूट. त्यात मोली म्हणत्यात ते काळं ग्रीस लागतंय. कितीबी तापलं तरी ते जागा सोडत न्हाय. पिवळं असतंय ते ट्रॉलीच्या पाट्याला, बिजागरीला ठीक. जॉइंटमधी घातलं की तापून पाण्यागत पातळ हुतंय आणि गोळ्या कोरड्या पडत्यात.

त्या दिवशी साईराजचा काळा डबा संपलता. "उद्या ये" म्हणायचं, बास. पर गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणणं म्हंजे त्येला लई कमीपणा. त्येनं आत सगळं पिवळं भरलं, वर बोटभर काळं फासलं आणि बूट चढवायच्या आधी भरमाला दाखवलं. चहाचा ग्लास घेऊन मीबी तिथंच हुबा होतो.

भरमा म्हणला, "दादा, बायकूला सातवा लागलाय. रातीअपरातीला बेळगावला आणायची येळ यील. गाडीचं काय भ्या न्हाय न्हवं?"

"जा रं बिनघोर," साईराज म्हणला. "धा वर्षं बघायला नगं."

दोन महिन्यांनी ती येळ आली. सुवर्णा तिचं नाव. रातच्याला कळा सुरू झाल्या, रगत थांबंना. भरमानं तिला मागच्या शिटावर निजवलं आणि गाडी बेळगावच्या वाटंला काढली. वंटमुरीच्या घाटात जॉइंट तुटला. इंजिन बोंबलतंय आणि चाक फिरंना. फोन केला, अँब्युलन्स यायला पाऊण तास. तेवढ्या येळात ती एकच इचारत ऱ्हायली, "अवं, गाडी का थांबली? गाडी का थांबली?" अँब्युलन्स आली तवा इचारणारी ऱ्हायली न्हवती. पोटातलं बी गेलं.

मी मातीला गेलतो. सवाष्ण गेली म्हणून सातव्यात भरलेला हिरवा चुडा हातात तसाच ठेवलाता. हिरव्या काचंवर पिवळं ठिपकं. माझ्या डोळ्यादेखत चुड्यासकट जळली ती.

तेराव्यानंतर भरमा तुटका जॉइंट पिशवीत घालून आला आणि साईराजच्या पुढ्यात उपडा केला. पिवळं पाणी सांडलं.

"तूच गाडी रगडलीस," साईराज म्हणला.

भरमा माझ्याकडं वळला. "अंबाजी अण्णा, तुमी तिथं हुबा होता न्हवं? ह्येनं काय घातलं, तुमी बगितलं न्हवं?"

मी म्हणलो, "मला काय आठवत न्हाय बाबा."

असू दे. फुडं आईका.

तर चौदा डिसेंबर. साडेअकराला साईराजची गाडी घाटात शिरली. पयल्या वळणावर आवाज आला. टक. टक. टक. त्येला नवल वाटलं. आठवड्यामागं त्येनं सोताच्या हातानं जॉइंट खोलून धुतलाता, नवा काळा डबा फोडून ग्रीस भरलंतं. सोताच्या गाडीला बरं आठवतंय काळं.

वळण सपलं. रस्ता सरळ झाला. जॉइंटचा आवाज वळणावर येतोय, सरळ रस्त्याला थांबतोय. ह्यो थांबला न्हाय.

टक. टक. टक.

त्येनं काच खाली घेतली, कान दिला. आवाज चाकाकडनं न्हवता.

मागच्या शिटावरनं येत होता.

मग गाडी थांबली. इंजिन बोंबलतंय. चाक फिरंना...

"दादा, गाडी का थांबली?"

बाईचा आवाज. हळू. रागबिग काय न्हाय. मान वळवायची छाती झाली न्हाय त्येची. पुढं बघतच म्हणला, "चढ... चढ हाय लई."

टक. डावं मनगट. स्टेरिंगवर होतं तिथंच धरलं. हलंना.

"दादा, गाडी का थांबली?"

"प्याट्रोल... सपलं जणू."

टक. उजवा कोपरा.

"दादा..."

"भरमानं रगडली! म्या न्हाय!"

टक. टक. दोन्ही गुडघं.

...

मग नुसता तिचा श्वास, त्येच्या कानामागं. लई येळ.

शेवटी त्येच्या तोंडातनं निघालं, "पिवळं... पिवळं घातलं म्या."

...

"आणि कुणाला ठाव होतं?"

पहाटं दुधाच्या टेम्पोवाल्यानं बगितलं. इंजिन बंद, साईराज स्टेरिंग धरून बसलेला. डोळं उघडं. चौघांनी उचलला, तर हातपाय बसल्यागतच. सरळ हुईनात. डाक्टरांनी फोटू काढलं. हाड शाबूत, शिर शाबूत. सांधं तेवढं गच्च. मला त्येनं हे सगळं आठव्या दिवशी सांगितलं, दवाखान्यात.

मी इचारलं, "तिनं इचारलं, कुणाला ठाव होतं. तू काय सांगितलंस?"

त्येनं माझ्याकडं बगितलं.

त्याच राती त्येचा जबडा धरला. पंधरवड्यात गेला. तिरडीवर सरळ निजवता आला न्हाय, तसाच कुशीवर बांधून न्यावा लागला.

त्येच्या घरच्यांनी गाडी माझ्या दारात आणून लावली. चाक का फिरंना तेवढं बगा म्हणलं. मी एक्सल काढला. बुटाची पट्टी जशीच्या तशी, साईराजच्या पकडीची खूण तिच्यावर. म्हंजे त्येच्यामागं कुणी हात लावल्याला न्हाय. बूट कापला.

आत ग्रीसचा ठिपकाबी न्हवता. पुसून घेतल्यागत स्वच्छ.

आणि दांड्यावर बांगड्या. ओळीनं चढवलेल्या, मनगटात भरत्यात तशा. हिरव्या काचंवर पिवळं ठिपकं. एकीलाबी तडा न्हाय. घाट चढून आलता त्यो दांडा, मिन्टाला शेकड्यांनी फेरं घेत.

सात मोजल्या मी.

भरमाच्या आईला, अंबुबाईला, जाऊन इचारलं. चुडा तिनंच भरलाता. म्हणली, "दोनी हातात सात-सात."

रविराज, तू परवा इचारलंस न्हवं, आप्पा, तुमी हिंडलग्यासनं बेळगावपतुर चालत का जाता, मोटारीत का बसत न्हाय...

एका हाताच्या सापडल्या. दुसऱ्या हाताच्या सात मला अजून कुठं दिसल्या न्हाईत.