वळणावरची काठी

बूट वाळवायच्या खोलीत एकच हीटर होता. त्याच्यापुढे तीन जोड ओले बूट तोंड वासून बसले होते आणि बुटांची मालकमंडळी मागच्या बाकावर, साधारण त्याच अवस्थेत.

नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा. बाहेर मिट्ट काळोख आणि बारीक पाऊस. पहाटेपर्यंत त्याचं बर्फ होणार, असं रेडिओवर सांगितलं होतं.

बाकावर दोघं तरुण होती. एक बोट्या. तो उन्हाळ्यात तळ्यावर होड्या भाड्याने द्यायचा आणि हिवाळ्यात मुलांच्या घसरगाड्या सांभाळायचा. दुसरी ताई. ती उन्हाळ्यात पाहुण्यांना डोंगर फिरवायची आणि बर्फ पडलं की स्कीइंग शिकवायची. मोसमाच्या आधीचं काम मात्र दोघांना सारखंच होतं. गावापासून वरच्या विश्रामगृहापर्यंत पायवाटेच्या कडेने लाल काठ्या रोवायच्या. बर्फात वाट बुडते, काठ्या तेवढ्या दिसतात. दर वीस पावलांवर एक. एका काठीला हात लावून उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे.

"झाल्या का सगळ्या?" रोपवे चालवणाऱ्या काकांनी विचारलं.

"झाल्यातच जमा," बोट्या म्हणाला. "दरीच्या वळणावरची एक राहिली. नुसता खडक आहे हो. पहार मारून मारून हातांची सालटी निघाली, पण खडकाला ओरखडाही नाही."

"होडीत बसून गिऱ्हाइकाला वल्ही मारायला लावणारे हात ते," ताई म्हणाली. "सालटी निघायचीच."

"तू तरी कुठे मारलीस पहार? काका, एका काठीने काय आभाळ कोसळणार आहे?"

काकांनी हीटरपुढचा आपला बूट उलटा करून ठेवला.

"काठीवाले अण्णा तुमच्या आधीचे. माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला माणूस. त्यांचंच सांगतो. त्यांनी मला सांगितलं तसं, पदरचं काही न घालता."

तीस वर्षं अण्णांनी ही वाट राखली. जोडीला मिस्त्री असायचा. मिस्त्री मूळचा गवंडी, त्याला दगडाची नस कळायची. पहारेचे तीन घाव घालायचा, थांबून खोकायचा, मग पुन्हा तीन. थंडीने त्या वळणावरच्या खडकाचे पापुद्रे सुटतात, म्हणून मागच्या वर्षीचं भोक पुढच्या वर्षी उरत नाही. दरवर्षी नव्याने पाडावं लागतं. एका काठीपायी अर्धा दिवस जायचा. अण्णा कुरकुरले की मिस्त्री म्हणायचा, "मातीत काठी कुणीही रोवेल, अण्णा. माणूस पडतो तो खडकावरून."

एका उन्हाळ्यात मिस्त्री गेला. छातीचं दुखणं होतं. घरी, अंथरुणातच गेला. शेवटी बायकोला म्हणाला, "आता निजतो. फार दमलो." हे ऐकून अण्णांना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

त्या नोव्हेंबरात अण्णा एकटेच काठ्या घेऊन निघाले. वय अठ्ठावन्न, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. वळणावर त्यांनी दहा घाव घातले आणि खाली बसले. दोन काठ्यांमध्ये चाळीस पावलांचं अंतर पडत होतं. पडू दे, म्हणाले. पहार खांद्यावर टाकली आणि घरी आले.

मग आली फेब्रुवारीची नऊ तारीख. शुक्रवार.

अण्णांची लेक तेव्हा वरच्या विश्रामगृहात स्वयंपाकाला होती. तिला दम्याचा त्रास. दुपारी तिचा फोन आला, पंप संपलाय. बोलता बोलता तिला तीनदा थांबावं लागलं. वाऱ्यामुळे काकांनी रोपवे बंद ठेवला होता.

"सकाळपर्यंत थांबा, अण्णा," काका म्हणाले.

"मी थांबेन हो. तिचा श्वास टिकेल का सकाळपर्यंत?"

औषधाच्या दुकानातून पंप घेतला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि अण्णा पावणेसहाला निघाले. वाट तासाभराची. लेकीचा एक नेम होता, आईकडून आलेला. वाटेवर कुणी आहे असं कळलं की ते पोहोचेपर्यंत खिडकीतला दिवा मालवायचा नाही. अण्णांना ते ठाऊक होतं. त्या दिव्याच्या भरवशावर ते चालत होते. एक काठी, मग दुसरी. गुडघे बोलत होते, अण्णा ऐकत नव्हते.

सहा पस्तीसला ते वळणाशी पोहोचले. वारा पडला होता. बर्फ मात्र सरळ, दाट उतरत होतं. विजेरीचा उजेड जेमतेम वीस पावलं जाऊन पांढऱ्या भिंतीला थटत होता.

त्यांनी काठी धरली. पुढची शोधली.

नाही.

तेव्हा त्यांना आठवलं.

उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. पण उजवं कुठलं आणि डावं कुठलं, हेच कळेनासं झालं होतं. मागे फिरावं तर लेक. पुढे जावं तर... चाळीस पावलं. आंधळ्यासारखी.

अण्णा उभे राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग आवाज आला.

ठण्... ठण्... ठण्.

शांतता.

आणि खोकला.

अण्णांनी विजेरी आवाजाकडे वळवली. समोर, वीस पावलांवर, काहीतरी लाल दिसलं. काठी. त्यांनी न रोवलेली काठी.

चकवा म्हणतात तो हाच, त्यांना वाटलं. ओळखीचा आवाज काढतो. वाट दाखवतो. कड्यावर नेतो. त्यांनी खिशातल्या पंपावर हात ठेवला.

"मिस्त्री?"

त्यांनी विजेरी उंच धरली.

"मिस्त्री... तू असशील, तर तिच्यासाठी जातोय रे."

काही नाही. नुसतं बर्फ...

मग पुन्हा. ठण्. या वेळी एकच. हळू. दमलेल्या माणसाने घातल्यासारखा.

त्या दमण्यावर अण्णांनी विश्वास ठेवला. आवाज कुणीही काढेल, पण असा दमून घाव दुसरा कोण घालणार? पाऊल उचललं. एक. दोन. मोजणं सुटलं. हात पुढे. काठी हाताला लागली. गार, खरखरीत, खडकात घट्ट. जवळ कुणी नव्हतं. फक्त कुणीतरी नुकतंच बाजूला सरकल्यासारखं.

तिथून पुढची दिसत होती. आणि तिच्याही पुढे, खिडकीतला दिवा.

लेकीचे ओठ निळे पडले होते. पंपाचे दोन झोत घेतल्यावर ती टेकून बसली. अर्ध्या तासाने बोलली, "बाबा, आधी मोजे काढा, ओले आहेत." अण्णांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

ते पोहोचल्यावर लगेचच बर्फ थांबलं होतं; सकाळी लख्ख ऊन होतं. अण्णा वळणापर्यंत आले. काठी नव्हती. त्यांच्या पावलांचे खड्डे कड्यापासून हातभर आतून गेलेले. दुसरी पावलं कुणाची नाहीत. बर्फ वितळल्यावर खडकही पाहिला. ना भोक, ना ओरखडा.

"मग भासच झाला असेल," बोट्या म्हणाला.

"असेल," काका म्हणाले. "अण्णांनी मला एवढंच सांगितलं. म्हणाले, तो निजतो म्हणाला होता हो, आणि मी त्याला उठवला. माझं काम त्याच्या अंगावर टाकलं. पुढची सहा वर्षं, पाय चालत होते तोवर, मोसमाची पहिली काठी त्यांनी त्या खडकात रोवली. तो खडक झाल्याशिवाय मातीला हात लावला नाही."

हीटर तडतडला. ताईने वाकून आपले अर्धे ओले बूट उचलले आणि पाय घातले. बोट्याने तिच्याकडे पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला, आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

"मीही येतो," काका म्हणाले. "विजेरी धरायला."

पाऊण तासाने ते वळणाशी पोहोचले. पाऊस सुरूच होता. खडक ओलाचिंब, काळा, दुपारी सोडला होता तसाच. बोट्याने पहार उचलली.

"थांब," ताई म्हणाली.

काकांनी विजेरी खाली धरली. खडकात वीतभर खोल भोक पडलेलं होतं. काठी उभी राहायला हवं त्याच्या बरोबर अर्धं. आणि भोकाच्या कडेला, त्या भर पावसात, मूठभर पांढरी दगडाची भुकटी होती. कोरडी.